रावणाच्या दरबारातला मोर

ग्रंथालयात तिला सगळे खळबाई म्हणत. जुन्या पोथ्यांची फाटकी पानं खळ लावून सांधण्यात तिची वीस वर्षं गेली होती, आणि हात इतका हलका की पानालाही पत्ता लागत नसे. अक्षर मात्र असं, की शब्द एकमेकांना चिकटूनच जन्माला यायचे. त्यावरून घरी एकदा रामायण घडलं होतं. पाहुणे यायचे होते म्हणून तिने टेबलावर चिठ्ठी ठेवली, ‘आईसक्रीमआणा’, आणि नवऱ्याने तिच्या आईसाठी चेहऱ्याला लावायचं क्रीम आणलं. “आईस क्रीम आणा, असंच लिहिलंय,” हे त्याचं पालुपद अजून चालूच होतं.

खरं रामायण पुढे आलं. रद्दीत निघालेल्या एका गठ्ठ्यात तिला कित्येक शतकांपूर्वीचं एक चित्र सापडलं. रावणाचा दरबार, रामाकडून शिष्टाईला आलेला अंगद, आणि अंगदाच्या काखेत चक्क मोर, चांगला गुबगुबीत. रावण वीसही हात पसरून तो घ्यायला पुढे झालेला, दहाही तोंडांवर हसू. खळबाई त्या चित्राच्या प्रेमातच पडली. पान अस्सल आहे, असं छातीठोकपणे सांगून तिने ते ग्रंथालयाच्या प्रदर्शनासाठी निवडलं.

“अंगदाने रावणाला मोर दिल्याची कथा कुठे आहे?” ग्रंथालयाच्या प्रमुखबाईंनी विचारलं.

“कुठेच नाही.”

“मग कुणा हौशाने मागाहून रंगवलंय हे. प्रदर्शनातून काढा आणि उद्या बनावट चित्रांच्या पेटीत टाका.”

वीस वर्षांत कमावलेला शब्द मातीमोल होणार होता, आणि तो मोर पेटीत कोंडला जाणार होता. खरं सांगायचं तर तिला मोराचंच जास्त वाईट वाटत होतं.

पेटीत टाकायचं तरी नीट टाकू, म्हणून ती समासावर कुणी पूर्वी चिकटवलेली पट्टी ओल्या कापसाने सोडवायला बसली. पट्टीखाली बारीक अक्षरं निघाली. पोथी लिहिणारा चित्रापुरती जागा मोकळी सोडी आणि काय काढायचं ते चित्रकारासाठी समासात टिपून ठेवी. दोन शब्दांमध्ये जागा सोडायची तेव्हा रीत नव्हती. लिहिलं होतं, ‘रावणासमोरअंगद’.

तिने वाचलं. परत वाचलं. मग तिला आईसक्रीम आठवलं.

हसता हसता ती स्टुलावरून घसरली. आवाजाने प्रमुखबाई धावत आल्या. तिने नुसतं बोट दाखवलं.

“रावणासमोर अंगद,” बाईंनी वाचलं. “बरं, मग?”

“बाई, जरा अलीकडे तोडा. रावणास मोर.”

बाईंनी बोट ठेवून अक्षरं पुन्हा तोडून पाहिली आणि हसत त्यांनीही जमिनीवरच बसकण मारली. डोळे पुसत म्हणाल्या, “नक्कल करणारा कथा पाठ करून आला असता. ही चूक अस्सलच.”

पान प्रदर्शनात मधोमध लागलं. नवरा काचेपुढे बराच वेळ उभा होता, एकदा समास बघायचा, एकदा मोर.

“या माणसाचं काहीएक चुकलेलं नाही,” तो म्हणाला. “लिहिलंय तसंच काढलंय.”

खळबाईची आई मात्र रावणाची हसरी तोंडं एकेक करून बघत होती. बघता बघता तिचा हात आपल्याच तुकतुकीत गालावर गेला.

“क्रीम मिळालं तेव्हा मलाही एवढंच हसू आलं होतं गं,” ती लेकीला म्हणाली. “तोंड एकच होतं, म्हणून तुला दिसलं नाही.”