नारूचा दुसरा बांध

"उमेश, पाचशे जीबीची डिस्क होती तवा पट्टी लाल. आथा हजाराची टाकली तरी लालच! कसा र हा?"

तलासरीला उमेशच्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात नारू लॅपटॉपवर वाकला होता. दुपारी गावातल्या धाकलीची हळद, व्हिडिओवाला नारूच. कॅमेऱ्याचं कार्ड मागच्या लग्नानं गच्च, आणि ते उतरवायला लॅपटॉपात जागा नाही.

उमेश म्हणाला, "काका, जुन्या डिस्कवरचं जसंच्या तसं नवीवर उतरवलंय. कप्प्याची हद्दही तशीच उतरली. पलीकडे पाचशे पडीक आहेत. हद्द सरकवली की झालं."

"सरकवाया?" नारूनं हात कमरेमागे नेले.

झरी गावात नारूचं नाव व्हिडिओनं नंतर झालं, बांधानं आधी. दर नांगरणीला वीतभर बांध शेजारच्या सुक्याच्या शेतात ढकलायचा. सुक्याच्या शेताच्या आतलं करंजाचं झाड सात वर्षांत पाय न हलवता बांधावर आलं. शेवटी बोंब झाली आणि विवळवेढ्याला देवीसमोर सुक्याच्या साक्षीनं शपथेचा नारळ फुटला: आथा माझ्या हातानं कोनताच बांध सरकनार नीही.

"काका, हे पार्टिशन आहे!"

"अलीकडं भरल्याला, पलीकडं पडीक, मदी हद्द. बांध नीही तर काय?"

"मग मी सरकवतो."

"हात तुझा, माल माझा. देवी तुना सोडील, माना धरील."

साडेअकरा वाजले. हळदीच्या घरून दोनदा फोन आला. समोरच्या हॉटेलात सुक्या भजी खात होता. शेवटी नारूनं हाक मारली, "सुक्या र! इकडं ये. देवीसमोर साक्ष तुझी, तूच सरकव."

सुक्या तेलकट बोटं पुसत आला. सगळं ऐकून त्यानं विचारलं, "पलीकडची जागा कोनाची?"

"माझीच."

"म्हंजे स्वताची पडीक ठेवून माझ्यात घुसत होतास?"

उमेशनं दाखवलं तसा सुक्यानं माऊस धरला. हद्द हळूहळू उजवीकडे निघाली. मध्येच तो थांबला. "बस?"

"अजून थोडा," नारूच्या तोंडून निघून गेलं.

"तुझा हा 'अजून थोडा' मी सात वरीस पायलाय!" असं म्हणत सुक्यानं हद्द टोकाला नेली. पट्टी निळी झाली.

कार्ड रिकामं झालं. नारूनं कॅमेरा गळ्यात अडकवला, गाडीला किक मारली. सुक्यालाही हळदीलाच जायचं होतं. तो मागं बसला.

"सुक्या, जरा मागं सरक."

"मी जागचा हलनार नीही," सुक्या म्हणाला.

नारू टाकीवर चढून बसला आणि गाडी झरीच्या रस्त्याला लागली.