साहेबांची आई

पहिल्यांदा मुलाने हात उचलला तेव्हा आईला वाटलं, डास मारतोय. सत्तावीस वर्षांत ज्या पोराने कुणाला साधा धक्का मारला नव्हता, त्याचा हात आपल्यावर कशाला उठेल? मग कानाखाली जाळ निघाला. ती स्टुलासकट कपाटावर जाऊन आदळली आणि ओठातलं रक्त पदरावर ठिबकलं. कारण एवढंसंच होतं. ती गमतीने म्हणाली होती, "काय साहेब, ऑफिसला कधी निघणार?"

साहेब हे नाव गल्लीने ठेवलेलं. संख्याशास्त्रातली पहिल्या वर्गाची पदवी घेऊन, कडक इस्त्रीचा शर्ट घालून तो रोज सकाळी नोकरी शोधायला निघायचा आणि दुपारी शर्टासारखाच चुरगळून परत यायचा. दोन वर्षं असं चाललं. मग त्याचं बाहेर पडणं थांबलं. शर्ट मात्र तो रोज घालायचा. किराणावाला, केस कापणारा, जिन्यातली पोरंटोरं, सगळी "काय साहेब?" म्हणायची आणि तो हसण्यावारी न्यायचा. घरातही तेच ऐकल्यावर त्याचं डोकं फिरलं.

तासाभराने तो तिच्या पायांशी बसून ढसाढसा रडला. तिने फुटक्या ओठानेच त्याची समजूत काढली. "जाऊ दे रे. मीच जिभेला आवर घालायला हवा होता." तिथेच चुकलं, असं ती पुढे स्वतःच सांगायची. कारण नंतर त्याला रडावं लागलं नाही. समजूत आधीच काढलेली असायची.

ती धुलाईच्या कारखान्यात कामाला होती, बावीस वर्षं. इस्पितळांच्या चादरी यायच्या, रक्ताच्या, पुवाच्या, उलटीच्या. माणूसभर उंचीच्या लोखंडी पिंपांत त्या गरगर फिरायच्या आणि ही बाई लांब दांड्याने ओल्या चादरींचा पीळ ओढून बाहेर काढायची. एका पिळाचं वजन वासराएवढं. नवरा मुलाच्या पाचवीत घर सोडून गेला होता. त्यानंतर शाळा, क्लास, कॉलेज, सगळं याच दंडांच्या जोरावर झालं. पदवीच्या दिवशी तिने कारखान्यातल्या चाळीस बायकांना पेढ्याचा तुकडा तुकडा वाटला होता.

आता त्याच दंडांवर निळे-काळे डाग दिसायला लागले. विचारलं की ती म्हणायची, "इस्त्रीच्या रोलरचा चटका."

मुकादमीण तिच्याच वयाची, तोंडाने फटकळ. एकदा तिने हिची बाही वर सारली आणि पाहत राहिली. "रोलरला बोटं कधीपासून फुटली गं?"

आईने बाही खाली ओढली. गल्लीत मान खाली घालावी लागेल, याची धास्ती माराहून मोठी होती. दर आठवड्याला पगार झाला की मुलगा हात पुढे करायचा आणि ती द्यायची. कमी दिले तर खुर्ची उडायची. पुरेसे दिले तरी कधीकधी उडायची. "भीक घातल्यासारखं देऊ नकोस!" म्हणून त्याने एकदा तिची मान भिंतीला दाबून धरली होती, डोळ्यांपुढे काळोख येईपर्यंत.

त्याच वर्षी बेकार पदवीधरांना सरकारी भत्ता मिळणार, असं जाहीर झालं. मुलाने मोठ्या उमेदीने अर्ज भरला. तीन आठवडे तो माणसासारखा वागला. भांडी घासली, तिचे पाय चेपून दिले. चौथ्या आठवड्यात उत्तर आलं: अर्जदार कमावत्या आईच्या घरी राहतो, त्याच्या उदरनिर्वाहाची सोय आहे, सबब अर्ज नामंजूर.

त्याने ते तीनदा मोठ्याने वाचलं. "सोय! ऐकलंस? तू माझी सोय आहेस!"

"पुन्हा अर्ज करू आपण..."

"नोकरी सोड. तुझा पगार थांबला की माझा भत्ता सुरू."

"आणि त्या एवढ्याशा भत्त्यात दोघांनी काय खायचं?"

प्रश्न साधाच होता. पण त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिचा डावा हात कपाटाच्या चौकटीवर होता. त्याने दार लाथेने लोटलं. दोन बोटं मोडली. तिची किंकाळी वरच्या मजल्यावर ऐकू गेली, पण खाली कुणी आलं नाही.

दुसऱ्या दिवशी बोटं बसवून, पट्टी बांधून ती कामावर हजर. आठवडाभराने, भर दुपारी, मुलगा थेट कारखान्यात आला. तिच्या नावाचा राजीनामा त्याने टाईप करून आणला होता. मुकादमिणीने त्याला दारातच अडवलं, तर तिला ढकलून तो ओल्या फरशीवरून पिंपांपाशी पोहोचला. शर्ट नेहमीसारखा कडक.

"सही कर."

"हात ओले आहेत रे."

खरोखरच ओले होते. त्याला ती थट्टा वाटली. त्याने तिचे केस मुठीत धरले आणि कपाळ पिंपाच्या लोखंडी कडेवर आपटलं. एकदा. दुसऱ्यांदा आपटलं तेव्हा कातडी फाटून रक्त डोळ्यांत उतरलं आणि तिला समोरचं सगळं लाल दिसायला लागलं. तिसऱ्यांदा डोकं मागे खेचलं गेलं, तेव्हा तिच्या हाताला दांडा लागला.

पहिला फटका नडगीवर. केस सुटले. दुसरा खांद्यावर, आणि ओली फांदी मोडावी तसा कडाड आवाज झाला. तो खाली पडला, हात आडवा धरून "आई!" म्हणून ओरडला. तिसरा त्या हातावर. तिथे थांबायला हवं होतं, हे तिला कळत होतं. बावीस वर्षं वासराएवढे पीळ ओढलेले दंड मात्र थांबले नाहीत. चौथा तोंडावर बसला, पाचवा बरगड्यांवर. दात फरशीवर घरंगळत मोरीच्या जाळीपर्यंत गेले. सहा बायकांनी कवेत धरून तिला मागे ओढलं तेव्हाही दांडा तिच्या मुठीतून सुटेना. मुकादमिणीने यंत्रं बंद केली. एकाएकी एवढी शांतता झाली की पाण्याचे थेंब ऐकू यायला लागले.

इस्पितळात पोलीस आला. मुलाचं खांद्याचं हाड आणि उजवा हात मोडला होता, तीन दात गेले होते. तो पुटपुटला, "घसरून पडलो."

आईच्या कपाळावर नऊ टाके होते आणि बोटं दुसऱ्यांदा बसवावी लागली होती. ती म्हणाली, "खोटं आहे. मी मारलं. आणि त्याने मला दीड वर्ष मारलं. दोन्ही लिहून घ्या." पोलिसाने दोन्ही लिहून घेतलं. पुढे दोघांनीही तक्रार लावून धरली नाही.

मुलगा सुटून यायच्या आत तिने घराचं कुलूप बदललं. त्याचे कपडे, पुस्तकं आणि पदवीचं भेंडोळं दोन पिशव्यांत भरून इस्पितळातच पोहोचवलं. मग सरळ भत्त्याच्या कचेरीत गेली आणि लिहून दिलं: माझा मुलगा माझ्याकडे राहत नाही, मी त्याला पोसत नाही.

खिडकीतल्या कारकुनाने तिचं कपाळ पाहिलं, कागद पाहिला. "बाई, यावर सही केलीत तर त्याचा भत्ता सुरू होईल. कळतंय ना?"

तिला ते खरंच सुचलं नव्हतं. त्याने मागे लागू नये, घरावर हक्क सांगू नये, एवढ्यासाठी ती आली होती.

"हे टाके त्याच्यामुळेच पडलेत ना?" कारकुनाने हळूच विचारलं. "अशाचं कशाला भलं करता?"

"मला तो घरात नकोय. उपाशी मरावा, असं कुठे म्हटलं मी?" आणि तिने सही केली.

अकरा महिने तो भत्त्यावर जगला, एका खोलीत चौघांबरोबर खाट भाड्याने घेऊन. मग ट्रकच्या वजनकाट्यावर नोंदी ठेवायचं काम मिळालं. पदवीच्या मानाने काहीच नाही, पण तो टिकला. एके दिवशी जेवणाच्या सुट्टीत तो कारखान्याच्या फाटकाबाहेर उभा राहिला. आई बाहेर आली. चार हातांवर मुकादमीण कमरेवर हात ठेवून उभी.

मग तो म्हणाला, "घरी येऊ का एकदा?"

"नको."

"अजून माझी भीती वाटते?"

"तुझी वाटते," आई म्हणाली. "आणि माझीही वाटते. त्या दिवशी तू पडल्यावरही मी थांबले नव्हते."

त्याने मान हलवली. उजवा हात खांद्याच्या वर जात नाही, म्हणाला, पण लिहिता येतं. तिने विचारलं, दातांचं काय केलंस? त्याने कवळी दाखवली. तेवढ्यात आतली घंटा झाली आणि ती गेली.

अजूनही तो महिन्यातून एकदा येतो. फाटकाशेजारच्या बाकावर दोघं अर्धा तास बसतात, मध्ये एक माणूस मावेल एवढी जागा ठेवून. तो ट्रकवाल्यांच्या लबाड्या सांगतो, ती ऐकते, कधी हसतेही. घराचा विषय त्याने पुन्हा काढलेला नाही.