डोळे मिटा म्हणे!

मंडळी, आज दुपारी आमच्या ऑफिसात तणावमुक्तीचं शिबिर झालं. तेही जेवणाच्या सुट्टीत. डबे तसेच टेबलावर राहिले.

वाशिमहून आलेल्या मॅडम म्हणाल्या, "डोळे मिटा, श्वासाकडे लक्ष द्या." पण मिटणार कोण? सगळ्यांची नजर मांडीवरच्या मोबाइलवर. आमच्याकडे साहेबांचा मेसेज आला की लगेच ग्रुपवर 'होय सर' टाकावं लागतं, नाहीतर सगळ्यांसमोर खरडपट्टी. सुट्टी असो, लग्न असो, मयत असो.

आणि साहेब पहिल्याच रांगेत बसून मेसेज पाठवत होते! 'माहिती आजच पाहिजे.' आम्ही एकीकडे श्वास सोडत होतो, दुसरीकडे 'होय सर' टाकत होतो.

फक्त आमच्या गजाननभाऊंनी खरंच डोळे मिटले. कामरगावहून रोज पहिल्या बसनं येणारा माणूस, बसल्या जागी झोपला. साहेबांनी आधी त्यांचा फोटो काढला, मग खांदा हलवून उठवलं.

"काहून हो गजानन, ग्रुपवर तुमचं उत्तर नाही? झोपा काढाले येता का ऑफिसात?"

"साहेब, मॅडमनंच सांगतलं ना डोये मिटाले."



संध्याकाळी साहेबांनी तोच फोटो ग्रुपवर टाकला. वर लिहिलं होतं, 'आमचे तणावमुक्त कर्मचारी.'

खाली पहिलं उत्तर गजाननभाऊंचं होतं. 'होय सर.'

तुमच्याकडे काय हाल आहेत? का तुमीबी हे वाचता वाचता ऑफिसचा ग्रुपच पाहून राह्यले?