शिडीला भिणारा पायलट

माझा धाकटा भाऊ बसवराज लढाऊ विमान चालवायचा आणि शिडीला भ्यायचा. तो सुट्टीवर सास्तूरला आला, तरी कुरडया वाळत घालायला स्लॅबवर मीच चढायची आणि हा खाली शिडी धरून उभा. "अक्का, दमानं गं!" मी म्हणायची, "अरे, आभाळात जातोस ना रे तू?" तर म्हणायचा, "तिथं पट्ट्यानं बांधून घालतेत. इथं कोण बांधतंय?" हे मी गावभर सांगत फिरायची. कुणाला खरं वाटायचं नाही.

सांगणारच की! माझ्याकडं दुसरं होतं काय? गणितात मी त्याच्याहून हुशार. सैनिकी शाळेच्या परीक्षेला त्याला मीच बसवलं, शेंगा फोडता फोडता पाढे म्हणवून घेतले. तो गेला सैनिकी शाळेत आणि मला दिलं लोहाऱ्यात. तिथंच शाळेवर शिक्षिका म्हणून लागले. दर रविवारी जीपमध्ये दाटीवाटीनं बसून माहेरी जायची, आईचं औषधपाणी बघायची. आईला आम्ही अव्वा म्हणतो. मी उंबऱ्यात पाय ठेवला की अव्वा विचारायची, "बसूचा फोन आलता का गं?"

तो वर्षातून आठ दिवस यायचा. विमानाचा आवाज आला की अख्खी गल्ली बाहेर. "बसू, तुझं का रं हे?" "न्हाय मामा, ते पाशिंजर हाय. आमचं दिसायच्या आत जातंय." सगळे खूश. घरात त्याच्यासाठी हुग्गी शिजायची, गव्हाची खीर. माझ्या ताटात तूप चमच्यानं, त्याच्या ताटात धार. मी टक लावून बघायची, आणि मी बघते आहे हे त्याला बरोबर कळायचं.

"अक्का, जळतीस व्हय गं?"

"जळते. मग?"

"जळ की! जळल्याबिगर इमान बी उडत न्हाय." असं म्हणून अव्वाच्या देखत ताटं बदलायचा. माझ्या तळपायाची आग मस्तकात. एक तर हा लाडका, वर चांगलाही वागणार! ज्याचा हेवा करायचा तो माणूस जरा वाईट तरी असावा.

मग लढाई लागली. बसू गेला. पेटी आली, ती उघडू दिली नाही. आम्ही लिंगायत, आमच्यात माणसाला बसवून पुरतात. बसूला आडवंच ठेवावं लागलं. सगळा तालुका लोटला होता. मी अव्वाला कवेत घट्ट धरलेलं, आणि ती माझ्याच खांद्यावर डोकं आपटत ओरडत होती, "माझं एकुलतं एक लेकरू गेलं गं!" तिथंही मला तेवढंच वाक्य टोचलं. मेलेल्या भावाचासुद्धा हेवा वाटला मला. वाटला तर वाटला.

आता अव्वा माझ्याकडंच असते. गुडघे गेलेत. मी न्हाऊ घालते, वेणी घालते. आमटी जरा खारट झाली की हिचं सुरू, "बसू असता तर…"

परवा दुपारी जेवताना माझा तोल गेला. "बसू असता तर आठ दिवस दिसला असता! बाकी वर्षभर कोण करतंय तुझं? सगळे लाड त्याचे, एकुलता एक तो! मग मी कोण गं तुझी?"

अव्वानं हातातला घास ताटात ठेवला. जराही आवाज न चढवता म्हणाली, "पाव्हण्याचे लाड करावंच लागतेत, बाई. धा वर्साचं असताना घरातून गेलं ते. आलं की कवा जाईल ह्याचाच घोर. तुझे लाड कशाला करू? तू कुठं जाणार हुतीस?"

आणि तिनं घास उचलून तोंडात घातला.

जगात लेकीला पाहुणी म्हणतात. आमच्या घरातला पाहुणा तो होता, आणि मी इतकी वर्षं पाहुण्याचा हेवा करत बसले. ताटं उचलून मी मोरीवर गेले. सास्तूरला त्याला निरोप देताना मी रडले होते, पण ते अव्वाला सावरता सावरता, चारचौघांत. माझा भाऊ गेला म्हणून मला रडू आलं ते त्या दुपारी, खरकटी भांडी पुढ्यात घेऊन.