चिंचेच्या पाण्यातला दगड

दलसिंग भाकरी फुंकून खायचा. कुठलाही दगड उचलला की जिभेने ओला करून उन्हात धरायचा. चारचौघांत खोकला आला तर उठून बाहेर जायचा. तळोद्याच्या बाजारात सगळ्यांशी घासाघीस करायचा, मीठवालीशी कधी नाही.

यातल्या बऱ्याच सवयी त्याने मारवाडच्या वाळवंटातून आणल्या होत्या. तिथल्या तांब्याच्या खाणीत तो सात वर्षं होता. छाती कामातून गेली तेव्हा मुकादमाने घरी धाडलं. येताना त्याने एक दगड फडक्यात गुंडाळून आणला. खाली मखमलीसारखा हिरवा, वर काचेच्या कणीसारखे गडद निळे खडे.

१९३४ साली तळोद्याच्या डाकबंगल्यात एक प्राध्यापक उतरले. ते दगड जमवायचे.

"परवा घेऊन ये, स्वच्छ करून," ते दलसिंगला म्हणाले. "सांगतोस तसा असला, तर आमच्या संग्रहालयात राखणदार म्हणून घेतो. बसून काम."

बसून काम! त्या दिवशी डोंगर चढताना तो तीनदा थांबला, पण त्याचं त्याला काही वाटलं नाही.

"माती कशानं काढू?" त्याने बायकोला विचारलं.

"तांब्याच्या खाणीतला ना?" भुरीबाई म्हणाली. "मग हंडा घासते तसाच घासू. सात वर्षं तिथं शिकलास काय?"

तिने चिंच कोळली. सकाळी दगड त्यात बुडवला. पाणी फसफसलं.

"मळ निघतोय बघ," ती हसली. तोही हसला. दुपारी पाणी निळं झालं, तेव्हा त्याने घाईने दगड बाहेर काढला. निळे खडे झिजून गेले होते. हातात उरला खरबरीत, मातकट गोळा.

तोच घेऊन तो गेला. दुसरं होतं काय? चिंचेच्या पाण्याचंही त्याने खरं ते सांगितलं.

"सायेब, याना दगडबी आंगोळ करीसन उना!" बंगल्याचा शिपाई ओरडला.

दगडही अंघोळ करून आला, हे ऐकून प्राध्यापकही हसले. "अरे, आंबटात हे दगड विरघळतात. कुणी सांगितलं नाही तुला?"

कुणी सांगितलं नव्हतं. त्यांनीही नाही.

"दुसरा आणतो," दलसिंग म्हणाला.

छाती बरी झाली असं मुकादमाला खोटं सांगून तो पुन्हा खाणीत उतरला. चार महिन्यांनी त्याच्याबरोबर गेलेला दिवाल्या एकटाच परतला.

"तसाच निळा दगड सापडला होता त्याला, भिंतीत," दिवाल्या भुरीबाईला म्हणाला. "फुटू नये म्हणून छिन्नीनं हळूहळू कोरायचा. दम पुरायचा नाही. एकदा बसला, तो उठलाच नाही."

"आणि दगड?"

"तीन बाजू सुटल्या होत्या. चौथी राहिली."