अक्कांच्या जागेवरचा डाग

आमची लेक पूजा जेवताना मोबाइलवर लोकांचे अनुभव मोठ्याने वाचून दाखवते. कुणाला घाटात पांढऱ्या साडीतली बाई दिसली, कुणाच्या मागे पैंजण वाजत आले... मी भाकरी थापत ऐकते आणि मनात म्हणते, या लोकांना घरात कामं नसतील. रस्त्यात पडलेलं लिंबू मी ओलांडून जाते. अमावस्येला खुशाल केस धुते. भूतखेत मी तेव्हाही मानलं नाही आणि आजही मानत नाही. तरी हे लिहायला बसले आहे. कारण आमच्या घरात जे झालं ते माझ्या हाताखाली झालं, आणि त्यावर लोक भलतंच बोलतात.

मी चौथी शिकलेली, माहेरी मैंदर्गीच्या शाळेत. चार माणसांत माझ्या तोंडून शब्द फुटत नाही. पण कागद काही मध्येच तोंड घालत नाही, म्हणून बरं पडतं. लिहून झाल्यावर हे पूजाला द्यायचं की कपाटात ठेवायचं, ते अजून ठरलेलं नाही.

आमचं घर सोलापुरात साखर पेठेत आहे. खाली दोन खोल्या, शहाबादी फरशीच्या. वर एक माडी, तिची जमीन सागवानी फळ्यांची. त्याच फळ्या खालून बघितल्या की आमच्या स्वयंपाकघराचं छत. घरात मी, माझे मालक, पूजा, माझे थोरले दीर – त्यांना मी भाऊजी म्हणते – आणि त्यांचा मुलगा सचिन. भाऊजींची बायको म्हणजे माझी जाऊ, कमलअक्का. त्यांना जाऊन तीन वर्षं झाली.

अक्का विड्या वळायच्या. मीही वळते. मी खाली उंबऱ्याशी बसते, अक्का माडीवर बसायच्या. खिडकीजवळ भिंतीला पाठ, पाय पसरलेले, मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि कापलेली पानं. विडीचं पान ओलं ठेवावं लागतं, नाहीतर वळताना फाटतं. म्हणून पानांचा गठ्ठा ओल्या गोणपाटात गुंडाळून शेजारी ठेवायचा. त्या गठ्ठ्यावरच अक्का कात्री आणि पान कापायचा पत्र्याचा साचा ठेवायच्या. ओलं पान, त्यात लोखंड... फरशीवर काही होत नाही, पण लाकूड काळं पडतं. वर्षानुवर्षं तिथंच गठ्ठा, तिथंच ओल. फळीवर परातीएवढा काळा डाग पडला होता. मला मात्र अक्का बजावायच्या, "सुमन, लोखंड पानावर ठिवू नको गं, लाकूड खातंय." मी म्हणायची, "मग तुमी का ठेवता?" तर म्हणायच्या, "माझी जागा हाय. मी खाऊ घालते तिला."

अक्का तिथंच गेल्या. भर दुपारी, विडी वळता वळता. मी चहा घेऊन वर गेले तर मान खिडकीकडे कललेली. हातातली कात्री निसटून मनगटाला एक ओरखडा उठला होता, मांजर ओरबाडतं तेवढा. डॉक्टरांनी हृदय बंद पडलं असं लिहून दिलं. पण गल्लीतल्या बायका बघायला आल्या, त्यांनी कात्री बघितली, मनगट बघितलं आणि फळीवरचा काळा डागही बघितला. झालं. दहाव्याच्या आत अख्ख्या पेठेत बोलणं सुरू – कमलनं जीव दिला, रक्त फळीत मुरलंय, निघता निघत नाही.

माझ्या अक्कांनी जीव दिला! ज्या बाईने सासूची शेवटची चार वर्षं काढली, स्वतःच्या गुडघ्यांना तेल चोळत हसत हसत सचिनला आयटीआय शिकवलं, तिने? मला संताप यायचा. पण नळावर बायका बोलायला लागल्या की मी घागर उचलून घरी यायची. हा माझा स्वभाव.

गेल्या वर्षी सचिनचं लग्न ठरायच्या बेतात आलं. मुलगी इथलीच, शिवणकाम करणारी. मुलीकडचे घर बघायला येणार होते. अक्का गेल्यापासून भाऊजी आणि सचिन खाली पुढच्या खोलीत झोपायचे आणि माडी बंद असायची. आता ती नव्या जोडप्याला द्यायची होती. अकलूजहून माझी नणंद आली, आम्ही तिला वन्सं म्हणतो. वन्सं वर गेल्या आणि खाली येऊन पदराने तोंड पुसत म्हणाल्या, "त्यो डाग पयला काढा. त्या डागापायी पोरगं बिनलग्नाचं ऱ्हाईल."

भाऊजी माझ्याकडे न बघता म्हणाले, "बघा जमलं तर."

मी खुशीने घासायला घेतला. वाटलं, डाग जाईल तर बोलणंही जाईल. लिंबू आणि मीठ चोळलं, सोड्याचा लेप दिला, काचकागद मारला. दोन दिवसांत डाग निघाला हो! फळी अशी उजळली की खिडकीतलं ऊन तिथं जास्त पडतंय असं वाटायचं. वरून खोबरेल चोळलं आणि मनात म्हटलं, अक्का, सुटलात.

त्या आठवड्यातच सकाळी माडी झाडायला गेले तर डाग परत आलेला. तिथंच, तेवढाच.

घाबरले नाही. खरंच नाही. लाकडात आत मुरलेलं वर येत असेल, असं म्हणून परत बसले. या वेळी हार्डवेअरच्या दुकानातून लाकूड पांढरं करायची पावडर आणली. हाताची कातडी सोलली, पण डाग गेला. आणि पुन्हा आला. तेव्हा मात्र मी चिडले. कुणी नव्हतं म्हणून मोठ्याने बोलले, "अक्का, मी तुमच्यासाठीच घासतीय की! तुमाला काय लागतंय गप ऱ्हायला?"

उत्तर वगैरे काही आलं नाही. मात्र वाकले तेव्हा वास आला. ओल्या पानाचा. ज्यांनी विड्या वळल्यात त्यांना हा वास सांगायला नको – थोडा मातीचा, थोडा तुरट, नाकाच्या टोकाशी तंबाखू. फळीला हात लावला तर ओली. दोन वर्षं त्या माडीवर पानाचा तुकडासुद्धा गेलेला नव्हता.

लगेच खाली आले. त्या जागेच्या बरोबर खाली आमचा ओटा आहे. स्टुलावर चढून फळी खालून चाचपली. कोरडी ठणठणीत. कोळ्याचं जाळंसुद्धा धड होतं. वर पाऊस नाही, पाइप नाही, माठ नाही. मग ओल कुठून?

सचिनने पॉलिशवाला आणला. त्याने मशीन फिरवलं, माडीभर लाकडाचा भुसा. फळी नव्यासारखी पांढरी निघाली. तो म्हणाला, "काकू, आता जर डाग आला तर मी धंदा सोडतो." बिचारा अजून धंदा करतोय, पण आमच्या गल्लीतून जाताना वर बघत नाही.

डाग आला तेव्हा वन्संनी कमरेवर हात ठेवून मला विचारलं, "सुमे, तूच करतीस न्हवं ह्ये?"

"काय वन्सं?"

"वल्लं पान नेऊन ठिवतीस वर. म्हंजी माडी रिकामी ऱ्हाईल आन तुज्या पूजाला मिळंल. मुकी मुकी म्हणतात, पर लई खोल हायेस तू."

मला रडू आलं. मी भाकऱ्या करत राहिले. वन्संनी फळी पुन्हा घासून घेतली, या वेळी स्वतः समोर बसून. मग माडीला कुलूप लावलं आणि किल्ली आपल्या कमरेला खोचली. अंघोळीला जातानाही सोबत न्यायच्या. पाहुणे यायच्या दिवशी सकाळी त्यांनीच कुलूप काढलं. मी मागे उभी होते. डाग होता. वन्संचा चेहरा फळीपेक्षा पांढरा झाला.

माझी माफी काही त्यांनी मागितली नाही. उलट त्या भाऊजींना म्हणाल्या, "दादा, बोलणी झाली की फळ्या उपसून टाक. स्लॅब टाक. वैनी जाताना काय सोडून गेलीय कुणास ठाऊक." भाऊजींनी मान खाली घालून मिस्त्रीला फोन लावला आणि उद्याच या म्हणून सांगितलं.

तेव्हा मला कळलं की फळ्या निघाल्या तर बोलणं जाणार नाही, पक्कं होणार. लोक म्हणणार, बघा, रक्त निघेना म्हणून जमीनच उपटली. डाग राहिला तरी अक्का बदनाम, गेला तरी बदनाम.

पाहुणे दुपारी आले. वन्संनी डागावर जाड सतरंजी टाकली होती, पलीकडे गाद्या. मुलीची आई, कोंडाबाई, अंगाने ठसठशीत बाई. सगळ्यांना गादीवर बसायला सांगितलं तर ही म्हणाली, "मला भितीला टेकून बरं वाटतं, कंबर धरतीय," आणि सरळ खिडकीजवळ भिंतीला पाठ लावून पाय पसरून बसली. अक्का बसायच्या तिथं. वन्सं "तिथं नको, तिथं नको, हवा लागंल" म्हणेपर्यंत तिने डावा हात शेजारी टेकला होता.

टेकला आणि उचलला. तळवा बघितला. सतरंजी ओली झाली होती.

"पाणी सांडलं असंल वो," वन्सं म्हणाल्या.

कोंडाबाईने तळवा नाकाशी नेला. "पाणी न्हाय ह्ये. पान हाय." तिने सतरंजीचं टोक उचललं. खाली डाग, काळाभोर, ओला चकचकीत. "कोण वळतं हितं? आत्ताच गठ्ठा उचलल्यावानी हाय की."

"कुणी न्हाय! कुणीबी न्हाय!" वन्सं जवळजवळ ओरडल्या. भाऊजी जमिनीकडे बघत बसले. सचिनच्या हातातली पोह्यांची बशी तशीच राहिली. मुलीचे मामा म्हणाले, "ही तीच जागा का वो? बाहेर लोक कायतरी बोलत होते..."

मी चहाचा ट्रे घेऊन दारात होते. कसा कोण जाणे, ट्रे खाली ठेवला आणि बोलले. लग्न झाल्यापासून भाऊजींसमोर एवढं मी पहिल्यांदाच बोलले असेन.

"माजी जाऊ वळायची हितं. कमलअक्का. बसल्या बसल्या गेल्या, हृदय बंद पडून. हातात कात्री हुती म्हणून लोकांनी रक्त केलं. रक्त न्हवतं. मी उचललंय त्यांना, मी बघितलंय. ह्यो डाग पानाचा हाय. घासून घासून माजे हात गेले, जात न्हाय. का जात न्हाय ते मला ठाऊक न्हाय. पर रक्त म्हणायचं न्हाय कुणी. ह्या घरात तर न्हायच."

पूर्ण बोलले.

कोंडाबाई माझ्याकडे बघत राहिली. मग पुन्हा डागाकडे. तिने आपली पाठ, भिंत, खिडकी आणि डाव्या बाजूचा तो काळा गोल... सगळ्यावरून नजर फिरवली. आम्ही सगळ्या गठ्ठा उजव्या हाताला ठेवतो.

"डावखुऱ्या हुत्या का तुमच्या जाऊबाई?" तिने विचारलं.

भाऊजींच्या तोंडून एक आवाज निघाला. हुंदका की हसू, सांगता येणार नाही. "हुती," ते म्हणाले. "भाकरीबी डाव्या हातानंच थापायची. आई लई बोलायची तिला."

"मग गठ्ठा ह्याच बाजूला असणार की. रक्त कसलं म्हणताय?" कोंडाबाई मामांना म्हणाली. "मी वीस वर्सं वळलीया. पानाचा डाग मला कळत न्हाय व्हय?" ओला तळवा पुसायला मी फडकं पुढे केलं तर तिने घेतलं नाही, तळवा तसाच मांडीवर ठेवला. "असू द्या. आन त्यो चहा गार कराया आणलाय का?"

लग्न झालं. मिस्त्रीला भाऊजींनीच परत पाठवलं. वन्सं जाताना एवढंच म्हणाल्या, "देवऋषीला तरी दाखवा." मी म्हटलं, "न्हाय दाखवणार." दोनदा म्हटलं, पहिल्यांदा त्यांना खरं वाटलं नाही म्हणून.

आता ज्यांना कारण हवं असेल त्यांच्यासाठी सांगते. सुताराने सांगितलं लाकूड जुनं आहे, दमट हवा ओढतं. सोलापूरच्या उन्हाळ्यात दमट हवा! पूजा म्हणते काहीतरी केमिकल असेल. असेल बाई. मग ओल डागाच्या बाहेर बोटभरही का जात नाही, आणि खालून फळी कोरडी का, हे तिलाही सांगता येत नाही. मलाही येत नाही. भूत मी मानत नाही, हे सुरुवातीलाच लिहिलं आहे, ते खोडणार नाही.

नळावर मात्र आता मी घागर भरेपर्यंत थांबते. कुणी डागाचं काढलं तर सांगते, वर या, हात लावून बघा, वास घ्या. एक-दोघी आल्या. बाकीच्या विषय बदलतात.

नव्या सुनेने माडीवर शिवणयंत्र मांडलं. उजेडाला खिडकीजवळची जागा सगळ्यात चांगली. तिने यंत्र खिडकीच्या पलीकडच्या बाजूला लावलं, भिंतीजवळची जागा मोकळी सोडून. मी विचारलं, "हितं का न्हाय लावलंस?" तर दोरा दाताने तोडत म्हणाली, "तितं सासूबाई बसतात की."

आम्ही दोघी ती जागा झाडतो. घासत नाही.