काजवालीने लावलेल्या तारखा

कोर्टात तिला सगळे काजवाली म्हणत. ती शर्टांना काजं करायची आणि कारखान्याला सुट्टी असली की थेट माझ्या टेबलाशी येऊन बसायची. तिच्या धाकट्या भावाचा मी कोर्टाने नेमून दिलेला वकील. तांब्याच्या तारा चोरताना तो रंगेहाथ सापडला होता. एरवी तीन वर्षांवर भागलं असतं, पण आधीच्या दोन शिक्षा नावावर होत्या, म्हणून सात वर्षं. अपिलात फारसा दम नाही, हे मी तिला तोंडावर सांगितलं होतं.

"चोरी त्यानेच केलीय, साहेब. ते मी कुठे नाकारतेय? मला फक्त कागद बघू द्या."

शाळा आठवीत सुटलेली. तिने तिन्ही निकालांच्या नकला काढल्या आणि तीन महिने ओळीखाली बोट धरून वाचल्या. अडलेले शब्द वहीत उतरवून आणायची. मी कधी अर्थ सांगायचो, कधी वैतागायचो. तिने ते कधी मनावर घेतलं नाही.

एका सोमवारी तिने टेबलावर कागदाच्या तीन पट्ट्या मांडल्या, प्रत्येकीवर एक तारीख.

"ही सायकलची चोरी. ही तारांची. आणि हा सायकलच्या खटल्याचा निकाल. तारा चोरल्यावर दोन महिन्यांनी लागलाय. म्हणजे तारा चोरल्या तेव्हा ती शिक्षा झालेलीच नव्हती. मग ती 'आधीची' कशी?"

मी फाईल ओढून तारखा ताडून पाहिल्या. वाढीव शिक्षेला आधीच्या दोन शिक्षा लागतात, एक पुरत नाही. बावीस वर्षं वकिली करतोय, ती फाईल चारदा वाचलेली. सरकारी वकिलाने वाचलेली, खालच्या न्यायाधीशांनीही. आणि हे दिसलं कुणाला, तर दिवसभर सुईवर मान वाकवून बसणाऱ्या बाईला.

सुनावणी वीस मिनिटांत आटोपली. सरकारी वकिलाने तारखा पाहिल्या आणि म्हणाला, "मला काही म्हणायचं नाही."

न्यायाधीशांनी चष्मा काढला. "हा मुद्दा खाली कुणी मांडला नव्हता. तुमच्या कधी लक्षात आला?"

"माझ्या नाही," मी म्हणालो. "आरोपीच्या बहिणीच्या."

मागच्या बाकावरून ती घाबरून उठली. न्यायाधीश क्षणभर तिच्याकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "बसा, बाई." हे 'बसा' ते वकिलांना म्हणतात त्याच आवाजात होतं.

सातावरून शिक्षा तीनवर आली. त्यातली दोन भोगून झाली होती.

निकाल सांगायला आम्ही दोघं तुरुंगात गेलो. जाळीपलीकडे भावाची मान वर होईना.

"ताई, तुला कसं सापडलं हे?"

"वाचलं," ती म्हणाली, आणि त्याचा खोकला कमी झाला का ते विचारू लागली.

मी बाजूला उभा होतो. शाळेत बाईंसमोर उभे राहायचो, तसे माझे हात आपोआप पाठीमागे गेले होते.